व्होल्ट उतरले, पण गाणं रेंगाळलं

ग्रुपवर परवा जुन्या रेडिओंचे फोटो आले, तेव्हा आमच्या पांढुर्ण्याच्या घरातला अमेरिकन रेकॉर्ड प्लेअर आठवला.

1979 साली आतेबहिणीनं तो मुद्दाम बाबांसाठी आणला. काचबिंदूनं बाबांची नजर गेली होती, गाणं हाच काय तो विरंगुळा. मी तेव्हा सौंसरला बँकेत होतो, रविवारी घरी यायचो.

मागच्या पट्टीवर लिहिलं होतं, 120 व्होल्ट, 60 सायकल. आपली लाईट 230 व्होल्ट, 50 सायकल. सरळ लावला असता तर धूरच निघाला असता. म्हणून नागपूरहून, सीताबर्डीवरून स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. पायलीभर ज्वारीएवढा जड! भीमसेनजींची अभंगांची तबकडी लावली. बाबा दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "हे भीमसेन नव्हेत. कोणी झोपेत गाते असं वाटते."

शेजारी म्हणाले व्होल्टेज कमी असेल. गावातला मेकॅनिक मात्र हसला. "भाऊ, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करते, सायकल नाही बदलवत. अन् ह्या मोटरची चाल सायकलवर हाय."

मी पडलो कॉमर्सवाला, त्रैराशिक मांडलं. 60 ऐवजी 50, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम 28. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालणार. सूरही पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली. बाबांचे कान बरोबर होते!

उपाय तेच त्रैराशिक उलटं करून निघाला. मोटरच्या दांड्यावर छोटी पितळी पुली असते. तिची जाडी सहापट भागिले पाच केली की चाल जागेवर येते, म्हणजे 10 मिलिमीटरची 12. लेथवाल्यानं तीनदा पुली कातली. पहिल्या दोन किंचित वाकड्या होत्या, सूर डुगडुगायचा. तिसरी बसली. बाबा मान हलवत म्हणाले, "हं, आता आले."

संध्याकाळी संत्र्याच्या बगीच्यांतले पंप सुरू झाले की लाईट 180 वर यायची, मग ट्रान्सफॉर्मरमधून 94 च्या वर काही निघत नसे, आवाज बारीक होई. म्हणून बाबांनी गाण्याची वेळ दुपारची ठरवली. त्या वेळी आमच्या आईला झोप हवी असे, त्यावरून दोघांची रोज कुरबुर.