एक चमचा विरजण

"मॅडम, ह्ये परत ओटीपी मागतंय. आन् ओटीपी जातोय आबांच्या फोनवर. आबा लेकीकडं गेल्यात इचलकरंजीला."

पहाटेचे पावणेसहा. सातारा जिल्ह्यातल्या एका दूध संकलन केंद्राचे सचिव बोलत होते. मागे कॅन आपटल्याचे आवाज, कुणीतरी "फॅट किती लागली रं?" विचारत होतं. दुधाच्या नोंदींचं आमचं अ‍ॅप बसवायला आम्ही दोन दिवस त्या गावात होतो, तेव्हा मी माझा नंबर देऊन आले होते. केंद्राचं लॉगिन तीन वर्षांपूर्वी आबांच्या नंबरवर झालं होतं. पुढे आबांच्या जागी हे सचिव आले. टेबलावरचा फोन तोच राहिला, लॉगिनही तेच. आणि आदल्या रात्री मी लॉगिनची लायब्ररी बदललेली आवृत्ती सोडली होती.

आमच्या धंद्यात याला 'टोकन मायग्रेशन' म्हणतात आणि अंदाजपत्रकात त्याला दोन दिवस देतात.

प्रकार साधा वाटतो. तुम्ही एकदा लॉगिन केलंत की सर्व्हर दोन गोष्टी देतो. एक अ‍ॅक्सेस टोकन, साधारण तासाभराचं. दुसरं रिफ्रेश टोकन, कितीतरी जास्त टिकणारं. तासाभराचं संपलं की ते दाखवून नवं आणायचं. मी नव्या मुलांना हे विरजणावरून सांगते. अ‍ॅक्सेस टोकन म्हणजे आजचं दही, खाऊन संपवायचं. रिफ्रेश टोकन म्हणजे बाजूला काढून ठेवलेला चमचाभर. तो कुणी चाटूनपुसून खाल्ला, तर उद्याचं दही लागणार नाही, शेजारी वाटी घेऊन जावं लागेल. ओटीपी मागणं म्हणजे तेच. आणि आमच्या सचिवांचा शेजारी इचलकरंजीला गेलेला.

जुन्या लायब्ररीची देखभाल बंद झाली होती, त्यामुळे बदलणं भागच होतं. ती टोकनं साध्या प्रेफरन्स फाइलमध्ये ठेवायची. नवी ती कुलूपबंद करते आणि किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये राहते. जुन्या फाइलमधून वाचायचं, नव्या जागी लिहायचं, संपलं.

पहिला खड्डा ऑफिसातच सापडला. जुनी लायब्ररी टोकनची मुदत मिलिसेकंदांत लिहायची: १७१९८००००००००, तेरा आकडी. नवी तोच आकडा सेकंद समजून वाचायची. तिच्या हिशेबाने टोकन छप्पन्न हजार चारशे कितीतरी साली संपणार होतं. त्यामुळे ती रिफ्रेश करायचं नावच घेईना आणि सर्व्हर मात्र तासाभराने दार लावून घ्यायचा. हजाराने भागलं, सुटलं. असे खड्डे मला आवडतात. समोर दिसतात, बुजवता येतात.

पहाटेचा खड्डा वेगळा होता, आणि तो मी काळजीपोटी खणला होता.

नव्या ठिकाणी लिहिताना काही बिघडलं तर असू दे, म्हणून मी जुनी फाइल पुसली नव्हती. शिवाय मोबाइलला रेंज आली की पार्श्वभूमीत दुधाच्या नोंदी वर पाठवणारा सिंकचा भाग अजून जुन्याच लायब्ररीवर होता. "पुढच्या रिलीजला घेऊ," असं मीच म्हटलं होतं. म्हणजे एकच रिफ्रेश टोकन दोन ठिकाणी, आणि ते वापरणारेही दोघे. पूर्वी एकाच वेळी दोनदा रिफ्रेश होऊ नये म्हणून जुन्या लायब्ररीत आतून कुलूप होतं. नवीतही आहे. पण एकीच्या कुलपाचा दुसरीला पत्ता नाही.

सचिवांनी पहाटे डेटा सुरू केला, सिंक जागं झालं, त्यांनी अ‍ॅपही उघडलं. दोघांनी एकच टोकन सर्व्हरसमोर धरलं. दोन विनंत्यांत सेकंदाचंही अंतर नव्हतं. आमचा सर्व्हर प्रत्येक रिफ्रेशला नवं टोकन देतो आणि जुनं बाद करतो. बाद झालेलं पुन्हा आलं, तर टोकन चोरीला गेलं असं धरून त्या लॉगिनची सगळी टोकनं रद्द करतो. हा त्याचा तिरसटपणा नव्हे. अशी टोकनं देण्याघेण्याचं मानक म्हणजे ओऑथ; त्याच्या सुरक्षेसाठी जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरएफसी ९७०० या दस्तऐवजातही ही पद्धत सांगितलेली आहे. खरा कोण आणि चोर कोण हे सर्व्हरला कळायला मार्ग नसतो, म्हणून तो दोघांनाही बाहेर काढतो. इथे दोन्ही मीच होते.

नशिबाने आवृत्ती प्ले स्टोअरवर थोड्याच फोनना सोडली होती, ती तिथेच थांबवली. त्या केंद्रात त्या दिवशी सकाळचं दूध वहीवर लिहून घेतलं. आबांना सहा वाजता उठवून ओटीपी विचारला तो संध्याकाळच्या दुधासाठी. मग केंद्राचा नंबर बदलला, जो तीन वर्षांपूर्वीच बदलायला हवा होता.

सर्व्हर सांभाळणारा आमचा सहकारी म्हणाला, "सगळ्यांना एकदा लॉगआऊट कर ना, सुंठेवाचून खोकला जाईल." कधी कधी ते बरोबरही असतं. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकची टोकनं चोरांच्या हाती लागली, तेव्हा त्यांनी सुमारे ५ कोटी खात्यांची टोकनं रद्द केली आणि खबरदारी म्हणून आणखी ४ कोटींची. तिथे दुसरा उपाय नव्हता. पण इथे चोरी झाली नव्हती, मला लायब्ररी बदलायची होती. माझ्या आवराआवरीसाठी पहाटेच्या रांगेतल्या माणसाने ओटीपी का शोधावा?

आता मी टोकन कॉपी करत नाही, हलवते. नव्या जागी लिहायचं, तिथून परत वाचून ताडून बघायचं, लगेच जुनं पुसायचं. दोन्हीकडे टोकन असेपर्यंत रिफ्रेशला सक्त मनाई. मध्येच फोन बंद पडला तर पुढच्या वेळी पहिल्यापासून. सिंकही त्याच रिलीजमध्ये नव्या लायब्ररीवर आलं. यात मागे फिरायची सोय राहत नाही, जुनी आवृत्ती परत टाकली तर लॉगिन जाणार. ते मी मान्य केलंय.

नवा फोन घेणाऱ्यांचं एक राहिलं होतं. अँड्रॉइडचा बॅकअप कुलूपबंद फाइल नव्या फोनवर आणून ठेवतो, पण कीस्टोअरमधली किल्ली जुना फोन सोडत नाही. फाइल उघडेना की अ‍ॅप सुरू होतानाच कोसळायचं. ती फाइल बॅकअपमधून वगळली. अशा माणसाला मात्र ओटीपी मागावाच लागतो.

हलवाहलवीचा तो कोड सत्तर-ऐंशी ओळींचा आहे. दर रिलीजला कुणीतरी विचारतं, "हे आता काढायचं ना?" गावाकडचे फोन मधल्या सगळ्या आवृत्त्या ओलांडून एकदम शेवटच्या आवृत्तीवर येतात. गेल्या आठवड्यात लॉगमध्ये असाच एक फोन दिसला, अजून जुन्या फाइलवर असलेला. त्याचं टोकन हललं, ओटीपी मागितला गेला नाही, आणि वीस मिनिटांनी त्या केंद्रावरून दुधाची पहिली नोंद आली.