काशीच्या रेजगारीत

काशीत मोड विकत मिळते. दशाश्वमेधाच्या वाटेवर नाण्यांच्या चळती मांडून बसलेली माणसे यात्रेकरूची नोट घेतात, थोडा बट्टा कापतात आणि दानासाठी रेजगारी देतात. तीच रेजगारी भिक्षापात्रांतून, चहाच्या टपऱ्यांतून, नावाड्यांच्या कनवटीतून फिरून पुन्हा त्यांच्यापुढे येते. साऱ्या देशाचे खिसे येथे रिकामे होतात. जुने नाणे हाती लागावे तर याच मोडीत, असा माझा अनुभव आहे.

फार जुने मात्र नव्हे. कंपनी सरकारची टांकसाळ या नगरीत १८३० पर्यंत चालली. ब्राह्मी लिपीचे कोडे पुढे ज्याने उलगडले तो जेम्स प्रिन्सेप तेथे धातुपरीक्षक होता. तेथल्या तांब्याच्या पैशावर त्रिशूळ असे. तो पैसा आता संग्राहकांच्या पेटीत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणे मागे पडले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणीही बाद झाली. तरीही सवडीने पाहणाऱ्याला उरलेल्या चिल्लरीत पुष्कळ सापडते. मला १९९९ चा ज्ञानेश्वरांचा रुपया मिळाला, त्याच वर्षीचे शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे मिळाले, आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर एका पानवाल्याने परत केलेल्या मोडीत २००२ चे तुकोबांचे. बाजारात यांना मोठे मोल नाही. पण एकनाथांनी भागवतावरची आपली टीका १५७३ मध्ये ज्या नगरीत पूर्ण केली, तेथे पानाच्या चुन्याने माखलेले तुकोबा भेटावेत, याचे मोल मराठी माणसाने कोणत्या कोष्टकात शोधावे?

पंचगंगा घाटावर मुले दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि यात्रेकरूंनी वाहिलेली नाणी ओढून काढतात. हा व्यवसाय धातुशास्त्राच्या आधाराने चालतो. १९९२ पासूनचा रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा. त्या काळचे दोन रुपयांचे अकरा बाजूंचे नाणे तांबे-निकेलचे, त्याला चुंबक ओढू शकत नाही. म्हणजे गंगेत टाकलेले ज्ञानदेव वर येतात आणि तुकोबा तळाशीच राहतात. ज्यांची गाथा इंद्रायणीने तारली असे आपण मानतो, त्यांची ही गत!

ब्रह्माघाटाच्या गल्लीत राहणाऱ्या माझ्या आत्याला मी हे सांगितले, तेव्हा तिला कौतुक वाटले नाही. तिचा जन्म काशीतला. तिच्या मराठीत हिंदी सहज मिसळते.

“मग तुझ्या डबीत तरी ते काय करतात रे?” तिने विचारले. “तिथे कोण त्यांना वर काढणार?”

मी म्हणालो, “आत्या, हे नाणे पुन्हा सापडायचे नाही.”

“दाखव तरी.”

तिने ते पदराने पुसले, चष्म्याजवळ नेले, क्षणभर कपाळाला लावले. आता देवघरात ठेवील, किंवा पहाटे गंगेला वाहील, असे मला वाटले. मागून घेण्याचे धैर्य झाले नाही. सकाळी दारावर फुलवाला आला. हिशेबात दोन रुपये कमी पडत होते. आत्याने कनवटीतून तेच नाणे काढून त्याच्या हातावर ठेवले, आणि त्याने ते न पाहताच टोपलीतल्या ओल्या फडक्याखाली सरकवले.