पडण्याची तयारी

साडी गार्ड सगळ्यात आधी निघाला. त्यामागोमाग मागचे फुटरेस्ट, नंबर प्लेट आणि तिला धरून ठेवणारा लांबलचक मडगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, पाय टेकायला जागा आणि मागचं चाक निदान निम्मं झाकेल असं आवरण मागतो. ट्रॅकवर मागे कुणी बसतच नाही. त्यामुळे तो अख्खा नियम मला एका दुपारी पान्यानं खोलून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरता आला.

गाडी म्हणजे वापरलेली केटीएम आरसी ३९०, आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेली, ३७३ सीसीची, एका सिलिंडरची. हिचे पुढचे इंडिकेटर आरशांतच बसवलेले आहेत, म्हणजे आरसे काढले की दोन्ही कामं होतात. आई ओट्यावर बसून हा सगळा उद्योग बघत होती.

“आरसे कशाला काढतोस रे? मागून येणारा कसा दिसणार?”

“दिसायचाच नाही. पुढच्यानं पुढे बघायचं. मागच्यानं त्याला सांभाळून ओलांडायचं. तिथला नियमच आहे.”

तिनं जरा विचार केला. “मग आपल्या सातारा रोडला का नाही लावत हा नियम?”

हेडलाइट निघाला, हॉर्न निघाला, साइड स्टँड निघाला. स्टँड काढताना त्याच्या सेन्सरची वायर नीट मार्गी लावावी लागते, नाहीतर स्टँड खालीच आहे असं समजून गाडी गिअरमध्ये पडताच बंद होते. खोकं शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं तर आठेक किलो भरलं. त्यानं भाव सांगितला. मी खोकं परत घरी आणलं.

माझा आतेभाऊ हडपसरला गॅरेज चालवतो. तो आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. “दादा, आधी सायलेन्सर बदल. मग ईसीयू. पाच-सहा हॉर्सपॉवर कुठे जात नाही.” पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये रेसिंगची गाडी म्हटलं की संभाषण इथूनच सुरू होतं, आणि बहुतेक वेळा इथेच पैसे संपतात. वास्तविक स्टॉक गटाच्या शर्यतींत इंजिनाला हात लावायची मुभा फारच थोडी असते, आणि नवशिक्याला ताकद कमी पडते म्हणून तो मागे राहतो हा निव्वळ गैरसमज आहे. याच आरसी ३९०वर २०१४ साली जर्मनीत एडीएसी ज्युनिअर कप झाला. तिथली किशोरवयीन पोरं हीच गाडी ज्या वेगानं वळवत, तो वेग सायलेन्सरमधून येत नाही.

आम्हाला वळणावर आणलं ते एका काकांनी. तरुणपणी ते पुण्याहून आरएक्स १०० घेऊन शोलावरमला शर्यतीला जात. शोलावरम म्हणजे मद्रासजवळची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० मध्ये उभा राहीपर्यंत दक्षिणेतल्या मोठ्या शर्यती तिथेच होत. काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आतेभावाचं सायलेन्सरपुराण ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “ही आडवी झाली तर काय काय फुटेल?”

मी क्लच लेव्हर म्हणालो, फेअरिंग म्हणालो.

“ते तुझं नुकसान. लोकांचं काय?”

लोकांचं म्हणजे तेल. डाव्या-उजव्या बाजूला इंजिनाची जी ॲल्युमिनियमची झाकणं असतात, ती गाडी घसरत गेली की डांबरावर घासून झिजतात, कधी तडकतात, आणि आतलं तेल बाहेर येतं. मागून दहा-पंधरा गाड्या झुकलेल्या अवस्थेत येत असतात. रस्त्यावरची गाडी पडू नये म्हणून बनवलेली असते. ट्रॅकवरची गाडी पडणार हे गृहीत धरूनच बांधायची. काका एवढं बोलून चहाला बसले, पण पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नाच्या अंगानंच झालं.

इंजिनाच्या झाकणांवर दुसरी जाड संरक्षक झाकणं बसवली. ब्रेक लेव्हरला बाहेरून गार्ड लावला, कारण शेजारच्या गाडीचं हँडल आपल्या लेव्हरला टेकलं की पुढचा ब्रेक आपोआप दाबला जातो आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. खालच्या चेनच्या तोंडाशी माशाच्या परासारखा एक तुकडा लागतो, त्याला शार्क फिन म्हणतात. पडलेल्या माणसाची बोटं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये जाऊ नयेत म्हणून तो असतो. हे कळल्यावर आतेभावानं तो दोनदा घट्ट केला. फायबरची फेअरिंग बंगळुरूहून मागवली. तिचा खालचा भाग, बेली पॅन, टोपासारखा बंद असतो. इंजिन फुटलंच तर तेल आणि पाणी ट्रॅकवर न सांडता त्यात साठावं, ही अपेक्षा. पावसात साठलेलं पाणी काढायला तळाला भोक ठेवतात, पण कोरड्या दिवशी त्यात रबराचं बूच पाहिजेच.

खरा वेळ खाल्ला तो लॉक वायरनं. तेलाचा ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टरचं झाकण, तेल ओतायचं बूच, पुढच्या कॅलिपरचे बोल्ट, म्हणजे जे सुटलं तर तेल सांडेल किंवा ब्रेक जाईल ते प्रत्येक, स्टेनलेसच्या बारीक तारेनं जखडायचं. त्यासाठी बोल्टच्या डोक्यात दीड मिलिमीटरचं आरपार भोक पाडावं लागतं. मी भोसरीला टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे ड्रिलचं मला अप्रूप नाही. पण कॅलिपरचा बोल्ट कडक केलेल्या पोलादाचा, भोक पाडायचं ते षटकोनी डोक्याच्या कोपऱ्यातून तिरकं. साधा बिट टोक टेकताच घसरतो आणि मोडतो. कोबाल्टचा बिट घ्यायचा, कोपरा आधी कानशीनं किंचित सपाट करायचा, पंच मारायचा, मशीनचा वेग कमी ठेवायचा, कटिंग ऑइलचा थेंब थांबू द्यायचा नाही आणि बिट दुसऱ्या बाजूनं बाहेर पडताना हात हलका करायचा. बहुतेक बिट त्या शेवटच्या क्षणीच मोडतात. नाना पेठेतल्या दुकानदारानं बिटांचा ढीग बांधून देताना विचारलंच, “घड्याळं दुरुस्त करता का?”

तार ओवण्यातही पद्धत आहे. तारेचा ओढा बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनं हवा. उलट बांधली तर ती नुसता दागिना. दोन पदरांना सारखा पीळ द्यायचा, फार पिळली तर तार स्वतःच कमजोर होते, आणि कापलेलं टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्या वेळी आपलंच बोट फाटतं. बोल्ट आधी टॉर्क पान्यानं योग्य तेवढा आवळलेला असावा लागतोच. तार बोल्ट आवळत नाही, सुटू लागलेल्याला फक्त अडवते. आतेभाऊ पहिल्यांदा कंटाळला, मग त्याला ते आवडायला लागलं. शेवटी तर गॅरेजमध्ये आलेल्या एका स्कूटरचा ड्रेन बोल्टही त्यानं तारेनं बांधून ठेवला.

रेडिएटरमधलं हिरवं कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भरलं. कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं की लवकर सुकत नाही आणि त्याच्यावरून टायर तेलासारखाच सटकतो. पाणी उकळेल ही आतेभावाची शंका. पण रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरसारखं काम करतं, दाब धरून ठेवलेलं पाणी १०० अंशांच्या बरंच पुढे जाऊन उकळतं. शर्यत झाली की मात्र पाणी काढून पुन्हा कूलंट भरायचं, नाहीतर आतून गंज धरतो. ब्रेकचं तेलही बदललं. डॉट ४ तेल हवेतली ओल शोषतं. नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत न उकळणारं हे तेल ओल धरल्यावर १५५ला उकळू शकतं, आणि उकळलेल्या तेलात बुडबुडे आले की लेव्हर मऊ होऊन हँडलला टेकते. रस्त्यावर वर्षानुवर्षं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

शॉकअपचं काम तिघांचं. मी चामड्याचा सूट, बूट, हेल्मेट चढवून गाडीवर बसलो, आतेभावानं गाडी धरली आणि काकांनी टेप घेऊन मागच्या ॲक्सलपासून शेपटीपर्यंतचं माप घेतलं. चाक पूर्ण लोंबतं असतानाचं माप आणि मी बसल्यानंतरचं माप यांतला फरक साधारण ३० मिलिमीटर हवा. माझा बराच जास्त आला. “बिर्याणी,” काका म्हणाले. स्प्रिंगचा प्रीलोड वाढवला. पुढच्या फोर्कला बाहेरून फिरवायला काहीच नाही, म्हणून तो खोलून स्प्रिंगवर स्पेसर घातले आणि थोडं घट्ट तेल भरलं. सगळ्या तयारीत गाडी चालवताना पहिल्या क्षणी जाणवलेला फरक हाच.

आता ही गाडी रस्त्यावर काढायची सोय उरली नव्हती. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत असे बदल करून गाडी चालवू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून टेम्पो. गंमत अशी की पुण्याच्या बायपासवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू, वेल्लोर करत थेट इरुंगट्टुकोट्टईवरून जातो, आणि आमची शर्यत तिथेच. अकराशे-बाराशे किलोमीटर एकच रस्ता, आणि त्याच्यावर उत्तम धावणारी गाडी पट्ट्यांनी बांधून आम्ही टेम्पोत बसलेलो.

शर्यतीआधी ट्रॅकवर गाड्यांची छाननी होते, त्या रांगेत माणसं गप्प असतात. तपासनीसानं कुणाला ताकद विचारली नाही. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे थ्रॉटल सोडून बघितला, तो आपोआप मिटतो का. टाकी आणि हँडल यांच्यामध्ये अंगठा अडकत नाही ना, लेव्हरची टोकं गोल आहेत ना, किल स्विच चालतो का. मग खाली वाकून एकेक तार बोटानं ओढली. कॅलिपरच्या तारेपाशी क्षणभर थांबून त्यानं विचारलं, “हू डिड?” आतेभावानं शाळेतल्यासारखा हात वर केला. टाकीवर स्टिकर लागला.

ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. पहिल्या सरावातच कळलं की सरळ पट्ट्यावर गाडी मर्यादेला टेकून नुसती किंचाळते आहे. पुढे १५ दात, मागे ४५, हे मूळचं गणित. पुढचा एक दात बदलणं म्हणजे मागचे तीन बदलल्यासारखं, म्हणून बारीक फरकासाठी मागचंच स्प्रॉकेट बदलायचं. दोन दात कमीचं चढवलं, चेनचा ताण पुन्हा बघितला, ॲक्सल टॉर्क पान्यानं आवळला.

आमच्या गटाचा दुसरा सराव मध्येच लाल झेंड्यानं थांबला. पुढे कुणाची तरी गाडी पडून इंजिनाचं झाकण फुटलं होतं आणि वळणाच्या ऐन रेषेवर तेलाचा पट्टा ओढला गेला होता. मार्शल पोती घेऊन धावले, भुकटी टाकली, झाडली, पुन्हा टाकली. पुढची दोन सत्रं लांबली. पिट लेनमध्ये कुणी त्या मुलाला काही बोललं नाही, पण त्याच्याकडे कुणी गेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मंद वळणात माझं पुढचं चाक निसटलं. मी आणि गाडी वेगवेगळे घसरत गवतात पोचलो. मी उभा राहिलेला बघताच मार्शलनं अंगठा दाखवला आणि तो थेट गाडीच्या पोटाखाली वाकला. बेली पॅन कोरडा होता. उजवं संरक्षक झाकण निम्मं झिजलं होतं, त्याखालचं मूळ झाकण शाबूत. फुटरेस्टचं टोक गेलं, लेव्हर गार्ड वाकला, थ्रॉटल मोकळा फिरत होता.

पडलेली गाडी पुन्हा तपासून घेतल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ देत नाहीत. आतेभावानं सुटा फुटरेस्ट चढवला, गार्ड बदलला, झिजलेलं झाकण काढून दुसरं बसवलं आणि मी काही म्हणायच्या आत सगळ्या तारा चाचपून घेतल्या. सायलेन्सरचा विषय त्यानं पुण्याहून निघाल्यापासून काढला नव्हता. तपासनीसानं मातीनं माखलेली गाडी ओळखली, पहिल्या स्टिकरच्या शेजारी दुसरा लावला आणि म्हणाला, “टू थर्टी, डोंट बी लेट.” त्या शर्यतीत माझा क्रमांक शेवटून मोजायला सोपा होता.