पुसलेली नोंद

आमच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. मुलगा शाळा सोडून गेला तरी त्याची ओळ कोणी फाडून टाकीत नाही. मुलगा जातो, ओळ राहते. इतकी वर्षे मी हे रजिस्टर भरतो आहे. पण त्या ओळीचे मोल मला गेल्या उन्हाळ्यात कळले.

आईच्या जात्यावरच्या ओव्या मी एकदा खिशातल्या ध्वनिमुद्रकात भरून घेतल्या होत्या. "काहून रे, या डबीत माहा आवाज मावते काय?" म्हणून ती हसली होती. पुढे आई गेली. त्यानंतरच्या एका २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त माझे भाषण होते. बाबांनी १९५६ साली देह ठेवला तो इथेच, वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी. भाषण भरून घ्यायला जागा हवी, म्हणून मी कार्ड झाडून साफ केले. विषय अर्थातच स्वच्छता!

चूक ध्यानात आली तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याकडे धावलो. तो म्हणाला, "गुर्जी, पयले कार्डाले हात नोका लावू. त्याची नक्कल घेऊ, मंग वाचू." त्याने कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा उतरवली आणि पायथॉन भाषेतली 'पायटीएसके३' नावाची लायब्ररी काढली. लायब्ररी म्हटल्यावर मला शाळेतले कुलूपबंद कपाट आठवले! ही लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संच. तिला प्रतिमा दिली की ती आतले रजिस्टर वाचून दाखवते : नाव, आकार, वेळ, मजकूर कोणत्या खणापासून सुरू होतो ते.

अशा कार्डावर 'फॅट' पद्धतीची मांडणी असते. फाईल पुसली तरी मजकूर लगेच जात नाही. नोंदीतल्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलते आणि खण रिकामे म्हणून मांडले जातात. मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'आई' असे नाव दिले होते. त्याचे पहिले अक्षर गेले होते. पुढे तारीख होती : ७ जानेवारी २०१२, पहाटे ५ वाजून १२ मिनिटे. आकार १,५३,६०,०४४ बाइट.

"आवाज?" मी विचारले. त्याने माझ्या भाषणाची नोंद उघडली. तेही त्याच खणापासून सुरू होत होते. आईच्या आवाजावर मी बसलो होतो.

मग त्याने सहज हिशेब मांडला. सुरुवातीचे ४४ बाइट मथळ्याचे. पुढे त्या यंत्रात सेकंदाला १६,००० बाइट लागतात. "म्हंजे सोळा मिनिटं, गुर्जी."

मी गप्प झालो. त्या पहाटे दोन ओव्या ऐकून मी डबी जात्याशेजारी ठेवली आणि "पाच मिनिटांत आलोच" म्हणून पेपर तपासायला उठलो होतो. परत येऊन कळ दाबली, तेव्हा आईने विचारले, "आयकलं ना रे सारं?" मी म्हणालो, "हो, सारं."

त्या सोळा मिनिटांत ती काय गायिली, ते आता कोणत्याच रजिस्टरात नाही. ती गात होती, एवढी मात्र नोंद आहे.