निविदेतील 'आम्ही'

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात छापलेल्या निविदांच्या चौकटी आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. वाचल्या मात्र क्वचितच. बयाणा रक्कम, कोऱ्या निविदेचे मूल्य, कारण न देता निविदा नाकारण्याचा राखून ठेवलेला अधिकार... हे आपल्यासाठी नव्हे, असे मानून नजर पुढे सरकते. वास्तविक 'निविदा' आणि 'निवेदन' ही एकाच धातूची लेकरे. नि + विद्, म्हणजे कळविणे, जाणवून देणे. शिवकालात रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला, त्या परंपरेचा अभिमान आम्ही वर्गात सांगतो. पण राज्यव्यवहाराची आजची भाषा ज्या कागदांत घडते आहे, ते कागद मराठीच्या प्राध्यापकांच्या टेबलावर कधी येत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात ते आले. आमचा (आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात शिकवतो) एक माजी विद्यार्थी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत काम करतो. मराठी घेऊन बी. ए. झाल्यावर तांत्रिक लेखनाचा अभ्यासक्रम करून तो तिथे लागला. शासकीय निविदांना उत्तरे लिहिणे हेच त्याचे काम. एका राज्यस्तरीय विभागाला आपल्या सगळ्या संगणकीय सेवा क्लाउडवर न्यायच्या होत्या. मूळ प्रस्ताव इंग्रजीत होता. परंतु त्याचा सारांश आणि कर्मचारी-प्रशिक्षणाचा आराखडा मराठीतही मागितला होता. इंग्रजी आणि मराठी, दोन्ही मसुदे यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, तयार केले होते. "सर, मॅडम, फक्त मराठी नजरेखालून घाला," असे तो म्हणाला. त्या 'फक्त'पायी आमच्या तीन संध्याकाळी गेल्या.

प्रथम क्लाउडविषयी. भारत सरकारने आपल्या या उपक्रमाला 'मेघराज' असे नाव दिले आहे (नाव सुचविणाऱ्याला कालिदास आठवला असेल तर त्याचे आम्हांला कौतुक आहे). हा मेघ आकाशात नसतो. तो नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या खिडक्या नसलेल्या इमारतींत असतो, अखंड वीज पितो आणि थंड हवा मागतो. शासनाने स्वतः यंत्रे विकत घेण्याऐवजी ती अशा इमारतींतून भाड्याने घ्यावीत, हा त्यातला मुख्य विचार. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या आरंभी तसे धोरण जाहीर केले. सेवा पुरविणाऱ्या कंपन्या केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाच्या सूचीत असाव्या लागतात, त्यांचे लेखापरीक्षण झालेले असावे लागते आणि माहिती देशाच्या सीमेबाहेर जाता कामा नये. निविदा दोन लिफाफ्यांत भरायची: एक तांत्रिक, एक आर्थिक. पहिल्यात पुरेसे गुण मिळाले तरच दुसरा उघडतो. आणि त्या पहिल्या लिफाफ्यात असते ते गद्य. शेकडो पानांचे गद्य.

हे गद्य पूर्वी सहाजण मिळून लिहीत. आता दोघे उरले आहेत. पूर्वी महिन्याला दोन निविदा भरल्या जात, आता आठ-नऊ. यंत्र आधी शासनाचा दस्तऐवज फोडते. प्रत्येक अट, प्रत्येक 'करावे लागेल' वेगळे काढून तक्ता मांडते, कोणत्या अटीला प्रस्तावात कुठे उत्तर दिले आहे ते दाखवते. मग कंपनीच्या जुन्या प्रस्तावांचा साठा धुंडाळून नवा मसुदा लिहिते आणि शेवटी परीक्षकाच्या भूमिकेत शिरून त्याला गुणही देते. यातला पहिला भाग आम्हांला खरोखर मोलाचा वाटला. एका परिशिष्टाच्या तळटीपेत दडलेले हमीपत्र यंत्राने शोधून दिले होते. ते राहिले असते तर बाकी सारे उत्तम असूनही निविदा बाद झाली असती. उत्तरपत्रिका तपासताना पुरवणी सुटण्याची धास्ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या मदतीची किंमत वेगळी सांगायला नको.

मराठी मसुदा शुद्ध होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आमच्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी. तरीही पहिल्याच पानावर आम्ही अडखळलो. 'आपण सर्व माहितीचा साठा भारतातच ठेवू.' 'आपत्तीच्या प्रसंगी आपण चार तासांत सेवा पूर्ववत करू.' हे 'आपण' म्हणजे कोण? इंग्रजीत एकच शब्द आहे, तो ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो हे संदर्भावर सोडलेले असते. मराठीने ही सोय ठेवलेली नाही. 'आम्ही' म्हटले की समोरचा बाहेर. 'आपण' म्हटले की तोही सामील. 'आम्ही जेवणार आहोत' हे पाहुण्याला उठविणारे वाक्य आहे, 'आपण जेवणार आहोत' हे बसविणारे. कंपनी शासनाला वचन देत असताना 'आपण' म्हणाली, तर त्या वचनात शासनही भागीदार झाले. सेवा बंद पडली तर दोष कोणाचा? हे आम्ही त्याला समजावून सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "मॅडम, आमच्या कायदा विभागाला हे फार आवडेल." वाद उद्भवल्यास इंग्रजी प्रतच ग्राह्य, असे कलम होतेच, तरी आम्ही एकूणएक 'आपण' बदलले.

जिथे 'आपण' नव्हते तिथे कर्ताच नव्हता. 'देखरेख ठेवण्यात येईल', 'प्रशिक्षण देण्यात येईल', 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल'. ही शैली यंत्राची नव्हे, ती आपल्या शासननिर्णयांची. यंत्र ज्यांच्याकडून शिकले त्यांचीच लकब त्याने उचलली. शासन जी भाषा जनतेशी बोलते, तीच कंपनीने शासनाला परत ऐकवावी, यात एक काव्यात्म न्याय आहे. असो.

खरी गाठ पुढे होती. 'अनुभव' या प्रकरणात एक वाक्य होते: अशाच स्वरूपाच्या एका विभागाच्या सेवांचे स्थलांतर कंपनीने यशस्वीरीत्या 'पूर्ण केले आहे'. वाचता वाचता आम्ही सहज विचारले, कधी? तो गप्प झाला. ते काम अजून चालू होते. जुन्या एका प्रस्तावात 'पूर्ण करीत आहोत' असे होते. यंत्राने नव्या निविदेची अट वाचली, तिच्यात 'पूर्ण झालेली कामे' मागितली होती, आणि क्रियापद अटीला जुळवून घेतले. कोणी खोटे बोलले नव्हते. कोणी बोललेच नव्हते. अपूर्ण वर्तमानाचा पूर्ण वर्तमान झाला, एवढेच. व्याकरणाच्या तासाला ज्या भेदावर विद्यार्थी जांभया देतात, त्या भेदावर इथे बयाणा जप्त होऊ शकतो आणि कंपनी काळ्या यादीत जाऊ शकते.

२०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी खरेदीविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिससमोर अस्तित्वातच नसलेल्या निर्णयांचे दाखले देणारे अर्ज आले. यंत्राने रचलेले दाखले तपासल्याविना देणे खपवून घेतले जाणार नाही, अशी ताकीद त्या कार्यालयाला द्यावी लागली. तिथे या कंत्राटांचे आकार छाती दडपविणारे असतात. पेंटागॉनच्या 'जेडाय' या क्लाउड कंत्राटाची मर्यादा दहा वर्षांसाठी दहा अब्ज डॉलर होती आणि विजेता एकच. ते ऑक्टोबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टला मिळाले, अ‍ॅमेझॉन न्यायालयात गेली, जुलै २०२१ मध्ये सारेच रद्द झाले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये नऊ अब्जांच्या मर्यादेचे नवे काम चार कंपन्यांत विभागण्यात आले. एकाच कंपनीच्या मेघाखाली एकदा गेले की बाहेर पडणे किती महाग पडते, हा त्या वादातला एक मुद्दा होता. मराठीला तो पूर्वीच कळला असावा: सरकारकडून घेतलेला तो मक्ता, आणि त्यातूनच आलेली ती मक्तेदारी.

विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे गेला. 'पूर्ण केले आहे' हे 'करीत आहोत' केले तर अनुभवाचे काही गुण जाणार हे उघड होते. वरिष्ठ वाईट माणूस नसावा. मसुदा यंत्राने तपासला आहे, त्याने चांगले गुणही दिले आहेत, मग आता का हलवायचे, एवढेच त्याचे म्हणणे. अखेर डिजिटल स्वाक्षरी ज्यांच्या नावाने होणार होती, त्या गृहस्थांनाच ते वाक्य दाखविण्यात आले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि बदलायला सांगितले. यंत्राने प्रस्तावाचे गुण लगेच कमी केले.

तांत्रिक लिफाफ्यात कंपनी पात्र ठरली. दोन्ही लिफाफ्यांचे गुण एकत्र केल्यावर ती दुसरी आली. काम दुसरीकडे गेले. हे सांगायला त्याने फोन केला तेव्हा फरक किती गुणांचा होता ते त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. त्याला घाई होती. पुढच्या निविदेची अंतिम मुदत सोमवारी दुपारी तीनची होती, आणि त्याला 'हस्तांतरण' आणि 'हस्तांतर' यांत काही फरक आहे काय, हे हवे होते.