त्रिकोण, वर्तुळं आणि तिरकी रेघ

पुणे, 18 जानेवारी

प्रिय आत्या,


दिवाळीत तू विचारलंस, "मानवशास्त्र शिकून माणूस पुढे होतो तरी काय गं?" सगळे हसले, मीही हसले आणि चकलीवर विषय नेला. तेव्हा उत्तर नव्हतंच. आता थोडंफार सापडलंय.

वर्गातल्या निम्म्यांकडे ते तयार आहे: यूपीएससी. मुख्य परीक्षेत हा विषय 500 गुणांना घेता येतो, शिवाय अभ्यासक्रम आटोपशीर. त्यांना नावं ठेवायला माझं तोंड नाही, त्याच नोट्सच्या झेरॉक्स माझ्याही कपाटात आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांची डोकी मोजली. खरंच! कॅलिपरची थंडगार टोकं कपाळाला आणि डोक्यामागे टेकवून लांबी घ्यायची, मग कानांच्या वर रुंदी. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचं. माझे 79 आले. असल्या आकड्यांवर एकेकाळी माणसांची प्रतवारी चाले. रिस्लेसाहेबाने तर नाकाच्या मापावर जातींची उतरंड रचली. तुझ्या लाडक्या 'युगान्त'वाल्या इरावतीबाईसुद्धा बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्याच मोजत होत्या. वंशाचा आणि कवटीच्या वाकडेपणाचा संबंध दिसत नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. ते गुरूला नको असलेलं उत्तर होतं. हे तू मला कधीच कसं सांगितलं नाहीस?

पण खरं शिक्षण झालं ते सुधागड तालुक्यातल्या एका कातकरवाडीत. काम होतं वंशावळी काढायचं. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, लग्नाला बरोबरची खूण, गेलेल्यावर तिरकी रेघ. वंशावळी गोळा करायची ही पद्धत मानवशास्त्रज्ञ रिव्हर्सची, 1898च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत सुरू झालेली. एका आजीने चार मुलं सांगितली, मी चार खुणा काढल्या. ती कागदाकडे बघत राहिली आणि नवऱ्याच्या त्रिकोणावर बोट ठेवून म्हणाली, "ही रेघ कशाची?" मी सांगितलं. "मग माझी दोन राहिली की." एकीचं नाव तिने सांगितलं. दुसऱ्याचं ठेवायचंच राहिलं होतं. मी नावाशिवाय त्रिकोण काढला आणि त्यावर रेघ मारली. अहवालात त्याला गुण नव्हते.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेले तर वाडी ओस. उचल घेऊन सगळे वीटभट्टीवर. आजी आणि नातू तेवढे मागे राहिलेले. नातू दहावीत आहे, त्याला जातीचा दाखला हवा. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950च्या आधीचा पुरावा मागतात. ज्या घराने तेव्हा शाळा पाहिली नव्हती, त्याने तो आणायचा कुठून? माझ्या तक्त्यात आजीचा एक दीर होता, दोन वर्षं शाळेत गेलेला. आम्ही ती शाळा गाठली. जनरल रजिस्टरचं पान निघालं, जातीच्या रकान्यात 'कातकरी', साल 1961. म्हणजे अकरा वर्षं उशिराचं. चालेल का, ते कचेरीत ठरेल. मुख्याध्यापकांनी नक्कल मात्र लगेच दिली.

तर उत्तर असं: एम. ए. झालं की दोन वर्षं त्याच तालुक्यात हेच काम करायचं, वंशावळी आणि कागद. पीएचडी त्यानंतर. आणि विषयही तिथेच मिळेल, ग्रंथालयात शोधावा लागणार नाही. बाबांना अजून बोलले नाहीये, तूही इतक्यात बोलू नकोस.

आणखी एक काम. आजोबांच्या वहीतली आपली वंशावळ परवा पुन्हा पाहिली. सात पिढ्या, नुसते त्रिकोण. तूसुद्धा नाहीस तिच्यात. आजी, पणजी, त्यांच्या बहिणी, जेवढी नावं आठवतील तेवढी लिहून पाठव. लहानपणी गेलेल्यांचीही.

तुझी,
मनू