गोळी मी बंद केली, ती माझी चूक

माझ्या मोठ्या मुलाच्या आजाराबद्दल मी आजवर फारशी कुणाजवळ बोलले नाही. वस्तीत बोलायचे तर माणसे आधी मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहतात, मग त्याच्या बहिणीच्या लग्नाचे विचारतात. पण माझ्या हातून जी चूक झाली ती दुसऱ्या एखाद्या आईच्या हातून होऊ नये, म्हणून आज लिहिते आहे.

आम्ही चेंबूरच्या बाजूच्या एका वस्तीत राहतो. हे रात्रपाळीचे वॉचमन, मी चार घरची धुणीभांडी करते. मुलगा आयटीआय झालेला, फिटर. तेविसाव्या वर्षी एका वर्कशॉपात कंत्राटावर लागला. सहा महिन्यांत त्याची झोप उडाली. पत्र्यावर बसून माणसे आपल्याबद्दल बोलतात, असे तो म्हणू लागला. पत्र्यावर मांजरसुद्धा नसायचे. शेजारच्या मावशींनी देवऋषाचा पत्ता दिला. आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे, गंडे-दोरे माझ्या सासऱ्यांनीच घराबाहेर काढले होते. म्हणून आम्ही मुलाला सरळ सरकारी दवाखान्यात नेले. या गोष्टीचा मला अभिमान होता.

डॉक्टरांनी रिस्पेरिडोनची 2 मिलिग्रॅमची गोळी रात्री घ्यायला दिली. आठवड्याने ती 4 मिलिग्रॅमची केली. "नियमित द्या," एवढेच सांगितले. बाहेर ही मोठी रांग. गोळीने काय त्रास होऊ शकतो ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

दहा-बारा दिवसांत पत्र्यावरचे आवाज कमी झाले. मुलगा झोपू लागला. पण दिवसा त्याचे पाय थांबेनात. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठायचा. आमची खोली ती केवढी! तो दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत चालत राहायचा. उभा राहिला तरी या पायावरून त्या पायावर. केस कापायला पाठवले, तर अर्धे केस कापलेले असताना खुर्चीतून उठून गल्लीत आला. पोरे हसली. एकदा मला म्हणाला, "आई, आतून कुणीतरी ढकलतंय. बसवतच नाही. असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं." त्या रात्री मी दाराला पाठ लावून जागी बसले.

बायका म्हणू लागल्या, "गोळ्यांनीच पोराला वेडं केलं." मलाही तसेच वाटले. मी कुणालाही न विचारता गोळी बंद केली. यांनी विचारले की "दिली" म्हणायची आणि गोळी डाळीच्या डब्यात लपवायची.

आठ दिवसांत पाय शांत झाले. मी मनात म्हटले, डॉक्टरपेक्षा आईला जास्त कळते. पण तिसऱ्या आठवड्यात मुलगा पहाटे पत्र्याकडे तोंड करून बोलताना दिसला. बहीण चहा घेऊन गेली तर म्हणाला, "यात काय घातलंस?" जिला हात धरून शाळेत पोचवायचा, तिच्या हातचा चहा त्याने मोरीत ओतला. पोर दिवसभर रडली.

त्या दिवशी मी डाळीचा डबा यांच्यापुढे उपडा केला. 19 गोळ्या निघाल्या. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चल दवाखान्यात. या गोळ्याही घे. जे झालं ते खरं सांगायचं."

मला वाटले, ओरडा बसणार. त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "गोळी अचानक बंद केलीत हे चुकलं. पण पायांचा त्रास खरा होता. तो आजार वाढला नव्हता, तो गोळीचा त्रास होता." त्याला अकॅथिशिया म्हणतात, हे मला तेव्हा कळले.

मॅडमनी समजावले ते असे. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. हे औषध त्याचा जोर कमी करते, म्हणून भास कमी होतात. पण अंगाच्या हालचालीलाही तेच रसायन लागते. म्हणून कुणाचे हात थरथरतात, कुणाचे अंग आखडते, कुणाला एका जागी बसवत नाही. गोळी नवी असताना किंवा डोस वाढवल्यावर हा त्रास जास्त दिसतो. आणि त्यावर इलाज आहे. डोस कमी करता येतो, औषध बदलता येते, त्रास कमी करणारी दुसरी गोळी देता येते. मुलगा मरणाचे बोलला होता, तेही मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "हे शब्द ऐकले की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी घेऊन यायचं."

गोळी पुन्हा 2 मिलिग्रॅमपासून सुरू झाली. मॅडमनी वही ठेवायला सांगितली. लेकीने शाळेची जुनी वही काढली. गोळी किती वाजता घेतली, झोप किती झाली, जेवताना किती वेळा उठला, आवाज आले का, हे ती रोज लिहू लागली. भाऊ चहा घेत नव्हता तरी लिहायची. पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे आम्हाला पाच मिनिटे मिळाली, पण वहीमुळे ती पुरली. 'जेवताना 4 वेळा उठला' हे वाचून मॅडमनी प्रोप्रानोलोलची गोळी जोडली. देण्याआधी "दमा आहे का?" असे विचारले, कारण दम्याच्या माणसाला ती चालत नाही. हळूहळू वहीत 4 चे 2 झाले, मग 1.

गोळीचे दुसरे त्रासही आहेत. सकाळी गुंगी असायची, म्हणून पहिले काही आठवडे त्याला मशीनवर जाऊ दिले नाही. एकदम उठला की चक्कर यायची, म्हणून आधी बसायचे, मग उठायचे. भूक वाढली, वजन वाढले. आता दवाखान्यात त्याचे वजन आणि साखर तपासतात, आणि मी वडापावाच्या जागी भाकरी-भाजी देते. मान वाकडी होऊन अडकली, किंवा जोराचा ताप येऊन अंग लाकडासारखे झाले आणि माणूस बरळू लागला, तर घरी थांबायचे नाही, लगेच दवाखाना गाठायचा, असेही मॅडमनी बजावले आहे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपला आजार, उपचार आणि औषधाचे माहीत असलेले दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत. म्हणजे विचारणे हा आगाऊपणा नाही. दवाखाना लांब असेल किंवा रात्र असेल तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे. 2022 साली ही सेवा सुरू झाली. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

देवऋषाकडे गेलो नाही म्हणून मी स्वतःला शहाणी समजत होते. पण काही न विचारता मी गोळी दिली आणि काही न विचारताच बंद केली. मग अंगारा लावणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? दवाखान्याची पायरी चढलो म्हणजे झाले, असे नाही. तिथे तोंड उघडून विचारावे लागते आणि घरी काय घडले ते खरे सांगावे लागते.

गेल्या महिन्यात मुलगा आपण होऊन केस कापायला गेला. मी भाजी घ्यायच्या निमित्ताने समोर उभी राहिले. केस कापून होईपर्यंत तो खुर्चीत बसून होता. घरी आल्यावर बहिणीला म्हणाला, "चहा टाक गं." तिने टाकला. तो प्याला.

भगिनींनो, तुमच्या घरात कुणाला अशी नवी गोळी सुरू झाली असेल आणि त्रास होत असेल, तर तो लपवू नका. गोळी डाळीच्या डब्यात टाकू नका. ती घेऊन डॉक्टरांपुढे जा.